खाडीतले चार तास

आईच्या गुडघ्यासाठी मी महिनाभर स्नेहलतागंजमधल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जात होतो. तिथे साठीचे एक गृहस्थ बायकोला रोज घेऊन येत. तिचा लुळा हात झोळीत अडकवताना ते गाठ अशी मारायचे, की एका झटक्यात सुटावी.

मी एकदा त्याबद्दल विचारलं.

"बोटीवरची सवय आहे, भिया," ते म्हणाले. "रिटायर झाल्यावर इथलं घर विकलं आणि बोट घेतली. सहा वर्षं आम्ही दोघं कोकणातल्या खाड्यांमधून फिरलो. खाना, सोना, सब उसी में."

"मग परत कसे आलात?"

"हिला लकव्याचा झटका आला तेव्हा ओहोटी होती. बोट चिखलात रुतलेली, फोनला नेटवर्क नाही. भरती यायला चार तास लागले. आधी ही माझं नाव घेत होती. पाणी आलं तोवर तेही थांबलं."

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी ते स्वतःहून माझ्याजवळ आले.

"काल ती बोलली. इतने महीनों बाद."

"अरे वा!" मी म्हणालो.

"विचारत होती, बोट कुठे आहे. विकली हे सांगायची हिंमतच नाही झाली. म्हटलं, जेट्टीला बांधलीय. चालायला लागलीस की जाऊ."

तेवढ्यात आतून थेरपिस्टचा आवाज आला, "आज तर आंटीजी कमाल मेहनत घेताहेत!"

त्यांनी मान खाली घातली.