आवाज बदललेली गाडी

ती तक्रार मला आजही आठवते, कारण ती ऐकून आमचं सगळं पोलीस ठाणं हसलं होतं आणि त्या हसणाऱ्यांत मीही होतो.

तेव्हा मी डोंबिवलीत सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी होऊन कर्मचारी आपापल्या बीटला निघाले होते. एक गृहस्थ आत आले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची जाड चेन, पायात साधी चप्पल. ठाणे शहरातल्या कोलशेतचे मूळ आगरी. वडिलांच्या काळात भातशेती आणि मिठागरातलं काम; आता त्याच जमिनीवर उंच इमारती उभ्या आहेत. ठाणे अंमलदारासमोर बसून ते म्हणाले, "साएब, माझे गारीचा आवाज बदललाय. ती माझी गारी नाय."

अंमलदार हवालदार जुने आणि मिश्कील. "काका, सर्दी झाली असंल तिला. गॅरेजला दाखवा."

"गॅरेजवाल्यानीच केलंय. म्हून तं तुमचेकरं आयलो."

मी त्यांना आत बोलावलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक वापरलेली इटालियन स्पोर्ट्स कार घेतली होती. लाल रंगाची, दोनच माणसं बसतील अशी, जमिनीपासून वीतभर उंच. गतिरोधक आला की ती तिरकी करून चढवावी लागे. ठाणे शहरात तिला हात लावायला मेकॅनिक धजत नसत, म्हणून सर्व्हिसिंगसाठी ते डोंबिवलीच्या औद्योगिक भागातल्या एका गॅरेजला येत. या वेळी गाडी तीन आठवडे तिथे होती. परत आली तेव्हा रंग तोच, सीट तीच, दारावरचा ओरखडाही तोच. फक्त चालू केल्यावर निघणारा आवाज वेगळा होता.

"इंजिन बदललंय असं तुमचं म्हणणं आहे?"

"म्हननं नाय साएब, मना ठाव हाय."

"कशावरून?"

त्यांना ते सांगता येईना. मग म्हणाले, "भाव बोलतान, जमीन इकली न् लाल डबडा आनला. सगला गाव हसतो. आता इंजान पन गेला तं मी तोंड कसा दाखवू?"

मी अर्ज घेतला. अशा गाडीत इंजिनच सर्वांत मोलाचं. ते गेलं तर दारात लाल पत्रा उरणार, आणि भावांचं म्हणणं खरं ठरणार.

त्या दुपारी मी गॅरेज पाहायला गेलो. खरं सांगायचं तर मला गाडीविषयीही कुतूहल होतं. मी शिकलो तालुक्याच्या गावी. तिथे एसटी आणि डॉक्टरांची फियाट यापलीकडे आम्ही मोटारी पाहिल्या नव्हत्या. तिथल्या हेडमास्तरांनी घरी येऊन वडिलांची समजूत घातली, म्हणून मी कॉलेजात गेलो आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण त्याबरोबर एक सवयही माझ्या अंगात मुरली होती. छापील कागद आणि शुद्ध बोलणारा माणूस समोर आला की मी आपोआप सावरून बसायचो.

गॅरेजचे मालक नेमके तसेच होते. इंजिनिअर, चाळिशीचे, केबिनमध्ये फायली रंगांप्रमाणे लावलेल्या. त्यांनी चहा मागवला.

"साहेब, गाडी जुनी आहे. वॉल्व्हचं काम केलं की आवाज बदलतो. त्यांना तांत्रिक बाजू समजत नाही, त्यात त्यांचा दोष नाही. आपण इंजिन नंबर तपासून घ्या ना."

दुसऱ्या दिवशी तक्रारदारांनी गाडी ठाण्याच्या आवारात आणली. अर्धं ठाणं बाहेर आलं. इंजिन सीटच्या मागे, काचेच्या झाकणाखाली असतं हे मला तेव्हा कळलं. त्याच्या बाजूला एका सपाट जागेवर क्रमांक ठोकलेला होता. मी आरसी बुक हातात धरून एकेक आकडा वाचला. सगळे जुळले. पंचांनी सह्या केल्या. तक्रारदार गाडीला टेकून उभे होते. ते एवढंच म्हणाले, "नंबर जुलू दे. आवाज जुलत नाय."

अर्ज निकाली काढायचा अहवाल मी लिहायला घेतला होता, तेवढ्यात एक खबर आली. शीळ रस्त्यावर इंजिन ऑइल विकणारा एक माणूस माझा खबरी होता. तो सहज म्हणाला, "साहेब, त्या गॅरेजात तेव्हा सेम टू सेम दोन लाल गाड्या होत्या. एक चालत आलेली, दुसरी टोइंगवर. जाताना दोन्ही चालत गेल्या."

मी गॅरेजमालकांना ठाण्यात बोलावलं. ते शांतपणे बसले. हो, दुसरी गाडी होती. त्यांनी स्वतः ती बंद अवस्थेत विकत घेतली, दुरुस्त केली आणि कल्याणच्या एका डॉक्टरांना विकली. खरेदीची कागदपत्रं, विक्रीची कागदपत्रं, सुट्या भागांच्या पावत्या, सगळं त्यांनी पुढे ठेवलं. मी दोन तास प्रश्न विचारले. प्रत्येक उत्तराला कागद होता आणि प्रत्येक वाक्यात साहेब होतं. डॉक्टरांच्या गाडीचा इंजिन नंबरही तिच्या आरसी बुकाशी जुळला. मी दोन नंबर आणि दोन पुस्तकं जुळवत बसलो होतो आणि जुळतंय म्हणून थांबत होतो.

असा दीड महिना गेला. तक्रारदार दर आठवड्याला येत, बाकावर बसत, कुणाशी फार न बोलता परत जात. हवालदार आता चेष्टा करत नव्हते. उलट स्वतःच्या डब्यातली भाकरी त्यांच्यापुढे सरकवत.

मग दसरा आला. ठाण्यात शस्त्रपूजन झालं. दुसऱ्या दिवशी शस्त्रागाराचे हवालदार जुना टूथब्रश घेऊन रायफली साफ करत बसले होते. मी जवळून जाताना ते कुरकुरले, "दरवर्षी सांगतो, नंबरावर कुंकू लावू नका. खाचेत शिरलं की निघता निघत नाही."

"वाचता येतो ना नंबर?"

"वाचायला झकास, साहेब. लांबनं दिसतो."

मी तिथेच थांबलो. कोलशेतला फोन लावला. "गेल्या दसऱ्याला तुम्ही गाडीची पूजा केली होती का?"

"मंग. बायकोनं केली. तिलाच इचारा."

फोनवर त्यांच्या पत्नी आल्या. "केली ना दादा. भटजींनी पुरचं झाकन उघरायला सांगितलं, तं आत रिकामी पेटी. सगली हसली. मी बोल्ले, पूजा मशीनीची अस्ते, पेटीची नाय. मंग मागं जाऊन इंजानालाच ओलं कुंकू लावलं."

"कुठे लावलं ते आठवतं?"

"येक सपाट जागा होती, तितंच आंगठ्यानं दाबून लावलं. पोरीनं फोटू कारलाय."

"आणि काल? काल पूजा केलीत?"

"नाय केली. ही आमची नाय, तं हिची कशी करू?"

मुलीने पाठवलेला फोटो मी ठाण्यातल्या संगणकावर मोठा करून पाहिला. कुंकू आकड्यांच्या खाचांत भरलं होतं आणि नंबर लाल अक्षरांत लिहिल्यासारखा स्पष्ट उठला होता. आकडे तेच होते. पण पहिल्या आकड्याच्या आधी आणि शेवटच्या आकड्यानंतर एकेक छोटी चांदणी होती. कारखान्यात नंबराच्या दोन्ही टोकांना ठोकलेली खूण. पंचनाम्याच्या वेळी मी पाहिलेल्या नंबराला चांदण्या नव्हत्या. खाचा कोऱ्या होत्या, कुंकवाचा कणही नव्हता. आरसी बुकात चांदण्या नसतात. ज्याने हा नंबर ठोकला, त्याने इंजिन पाहून ठोकला नव्हता, माझ्यासारखाच कागद पाहून ठोकला होता.

गॅरेजमालकांना पुन्हा बोलावलं. फोटोची प्रिंट मी टेबलावर उलटी ठेवली.

"इंजिनावरचा नंबर कुणी ठोकला?"

"कंपनीने, साहेब."

"त्यात काही फेरफार?"

"शक्यच नाही, साहेब."

मी प्रिंट सुलटी केली. "मग या चांदण्या कंपनीने परत नेल्या का?"

त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. इतक्या वर्षांच्या चौकश्यांत मी एक गोष्ट पाहिली आहे. माणूस खरं बोलायला लागण्याआधी साहेब म्हणणं सोडतो.

"कुंकू कुठून आलं तिथे?" ते म्हणाले.

"त्यांच्या बायकोने लावलं."

"मला वाटलं गंज आहे. धुऊन टाकलं." मग खाली बघून म्हणाले, "माझ्या गाडीचं इंजिन आतून संपलं होतं. ते मी तात्पुरतं उभं केलं आणि त्यांच्या गाडीत बसवलं. त्यांचं माझ्या गाडीत घातलं आणि ती डॉक्टरांना विकली. दोन्ही इंजिनांचे आकडे घासून कल्याणच्या एका कारागिराकडून नवे ठोकून घेतले. त्याला दोन्ही आरसी बुकांची झेरॉक्स दिली होती."

"त्यांच्या लक्षात येणार नाही असं वाटलं?"

"त्यांच्या?" ते एवढंच म्हणाले. पण त्या एका शब्दाच्या सुरात जे होतं ते मी ओळखलं, कारण पहिल्या दिवशी ते माझ्याही मनात होतं.

विश्वासघात आणि फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. डॉक्टरांचा दोष नव्हता, त्यांनी गाडी स्वतःहून हजर केली. प्रयोगशाळेने पुढे रसायन लावून घासलेले आकडे वर आणले, दोन्ही चांदण्यांसकट. खटला रीतसर चालला.

डॉक्टरांची गाडी ठाण्यात आली त्या सकाळी मी एक गोष्ट केली. तिला कायद्यात किंमत नाही आणि ती कुठल्याही कागदावर नाही. आवारात दोन्ही लाल गाड्या शेजारी उभ्या केल्या. तक्रारदारांना माझ्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून बसवलं. अशी ओळख परेड कुठल्याही नियमात बसत नाही, पण मला जाणून घ्यायचं होतं. हवालदारांनी पहिली गाडी चालू केली. ते हलले नाहीत. ती बंद करून दुसरी, डॉक्टरांची, चालू केली. ते उठून उभे राहिले. मागे वळले नाहीत. भिंतीवरच्या हद्दीच्या नकाशाकडे तोंड करून तसेच उभे राहिले आणि गळ्यातली चेन मुठीत घट्ट धरली.

"हीच," ते म्हणाले.

"काय फरक आहे, आता तरी सांगा."

त्यांनी विचार केला. "मिठागरावर आमी पंप लावायचो. आवाज आयकून बाप लांबनं सांगायचा, कंचा पंप पानी खेचतंय न् कंचा नुसताच फिरतंय. ते बोलून नाय दाखवता येत साएब. कानाला कलतं."

कोर्टाच्या आदेशाने काही महिन्यांनी इंजिन सुपूर्दनाम्यावर त्यांना परत मिळालं.

मला जे शिक्षण मिळालं त्याबद्दल मी आयुष्यभर कृतज्ञ आहे. पण त्या शिक्षणाने मला कागद वाचायला शिकवलं, आणि ज्यांच्याकडे कागद नसतो त्यांचं बोलणं अर्धवट ऐकायलाही मी त्याच वाटेवर कुठेतरी शिकलो. माझे वडीलही असेच होते. बैल आजारी आहे हे त्यांना चालण्यावरून कळायचं. कशावरून, असं मी विचारलं की ते गप्प बसायचे. शहरात येऊन मी त्या गप्प बसण्याचा अर्थ विसरलो होतो.

अर्ज निकाली काढण्याचा तो अर्धा अहवाल मी फाडला नाही. त्यात माझ्या अक्षरात लिहिलं आहे : तक्रारदाराचे म्हणणे निराधार दिसते. पुढे नवीन उपनिरीक्षक माझ्या हाताखाली आले की मी त्यांना तो कागद वाचायला द्यायचो आणि त्या माणसाने दीड महिना बाकावर बसून काय सहन केलं, ते सांगायचो.