गोधडीचा गोट आणि माईसाहेब

गोधडी हातात आली की माईसाहेब तिचे टाके बघायच्या नाहीत, ठिगळं बघायच्या नाहीत. आधी तिचा काठ उचलून वरच्या ओठावर घासायच्या. डोळे मिटून, अत्तराचा फाया हुंगावा तशा. मग म्हणायच्या, "इथं मानसाचं तोंड लागते व. गोट घरच्याच हातचा लागते."

गोट म्हणजे गोधडीच्या चारी कडांना लावायची नव्या कापडाची पट्टी. चार बोटं रुंद. त्या चार बोटांत या बाईनं अख्खी जातव्यवस्था कशी बसवली होती, ते मला लिहायचं आहे.

लिहायला मला त्यांच्या मुलानंच सांगितलं. माईसाहेब या वर्षी गेल्या आणि त्यांच्या नावानं स्मरणिका निघते आहे. मुलगा आमच्या वस्तीवर आला, दारातच उभा राहिला, पण चहा प्याला. काळ एवढाच पुढे सरकला आहे. म्हणाला, "तुम्ही पत्रकं लिहिता. माईनं तुमच्या बायांना शिवण शिकवलं. दोन चांगले शब्द लिहा." मी ते दोन शब्द आठवडाभर शोधले. सापडले नाहीत, म्हणून हे बाकीचे लिहिते. बाई गेली, आता कशाला उकरतेस, असं वस्तीतले दोघंतिघं म्हणाले. बाई होती तेव्हा बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी वेचणीला कुणी बोलावलं नसतं. मग बोलायचं तरी कधी?

आमचं गाव मेडशीच्या अलीकडे. गावातला निम्मा कापूस माईसाहेबांच्या शेतातला. वेचणी आटोपली की उन्हाळ्यात त्यांच्या घरची जुनी लुगडी आणि धोतरं वस्तीवर यायची आणि आमच्या बायका त्यांच्या गोठ्याच्या पडवीत बसून गोधड्या शिवायच्या. सगळी गोधडी आमची. थर लावणं आमचं, धावदोरा आमचा, बोटाला टोचलेली सुईही आमचीच. फक्त गोट नाही. गोधडी झाली की माईसाहेब तिच्यावर तांब्यातलं पाणी शिंपडायच्या, आत न्यायच्या आणि गोट स्वतः लावायच्या. अंगाला आमचे टाके चालायचे, ओठाला चालायचे नाहीत. माझ्या जन्माच्या वर्षी आमच्या वस्तीनं धम्म घेतला, घराघरांतून देव बाहेर गेले, पण माईसाहेबांच्या गोधडीचा काठ काही जागचा हलला नाही.

आणि तो गोट तरी कसा! इकडे फुगलेला, तिकडे सुरकुतलेला, वाळत घातलेल्या पापडासारखा. गोधडी अंथरली की चारी कडा लाटा मारायच्या. माईसाहेब त्याला 'लहर' म्हणायच्या. "आमच्या घरची लहर हाये ते," असं पाहुण्यांना सांगायच्या. पाहुणे माना डोलवायचे. ज्वारीची पोती ज्यांच्याकडून न्यायची त्यांच्या गोटाला वाकडं कोण म्हणणार?

बहात्तरचा दुष्काळ सरल्याच्या दुसऱ्या वर्षी गावात सरकारी शिवणवर्ग आला. जागा माईसाहेबांची, म्हणून शिक्षिकाही माईसाहेबच. आम्ही बारा जणी. वरच्या जातीच्या चौघी ओसरीवर बसायच्या, वस्तीवरच्या आम्ही आठ जणी अंगणात. आमच्यात माझी वहिनी होती, पंचफुला. भाऊ गेल्यापासून ती आणि तिची चिमुरडी आमच्याच घरी होत्या. रिसोडला शिवणाचं केंद्र निघणार होतं आणि तिथं शिकवायला बाई हवी होती. अट एकच: या वर्गाचं प्रमाणपत्र. वहिनीला ती जागा हवी होती. दुसरं काहीच नको होतं. प्रमाणपत्र मिळालं तर रिसोड, नाही तर पुन्हा गोठ्याची पडवी आणि जन्मभर माईसाहेबांच्या गोधड्या.

हे माईसाहेबांनाही ठाऊक होतं. पंचफुला गेली तर आपल्या गोधड्या कोण शिवणार, एवढा हिशोब त्यांना चांगला जमायचा. सहा महिने त्यांनी आम्हाला दोरा ओवायला, गाठ मारायला, थर लावायला शिकवलं. म्हणजे जे आमच्या बायकांना त्यांच्याहून चांगलं येत होतं ते सगळं शिकवलं. गोटाचं नाव काढलं की त्यांना काहीतरी काम आठवायचं.

एकदा वहिनीनं धीर केला. "माईसाहेब, परिक्षेत गोट लावा लागते म्हनते."

"मंग?"

"तो शिकवा ना आमाले."

"कायले व, पंचफुले? तुमच्या गोधडीले कोन पाह्यते? मी देईन ना लावून साऱ्याइचे. मी काय मेली?"

ओसरीवरच्या हसल्या. मी अंगणातून म्हणाले, "परीक्षा तुमची आहे की आमची?" माईसाहेबांनी माझ्याकडे न बघता वहिनीला सांगितलं, "तुह्या ननंदेले कालेजाचं वारं लागलं वाटते. तिले म्हन, सुई धरून पाह्य आधी." ही त्यांची बोलण्याची तऱ्हा. आमच्यातल्या कुणाला उत्तर द्यायचं असलं की ते तिसऱ्याच्या मार्फत यायचं.

मी घरी येऊन तालुक्याच्या साहेबांना अर्ज लिहायला बसले. चांगला चार पानी. वहिनी म्हणाली, "विमलबाई, अर्ज मंग लिवजो. आधी हे धर." तिच्या हातात एक फाटकी गोधडी होती. माईसाहेबांनी बैलाच्या पाठीवर टाकायला म्हणून फेकलेली, गोट अजून शाबूत. आम्ही दोघींनी तो उसवला. टाका टाका मोजून उसवला. पट्टी सरळ केली आणि गोधडीच्या मधोमध ठेवली तर पट्टी वीतभर जास्त भरली!

वहिनीनं पट्टी एकदा कडेला लावून पाहिली, एकदा मधोमध. मग म्हणाली, "पट्टी चुकली नाई. जागा चुकली. कडा हातात धरून धरून ताणली जाते, मधात कपडा ताणत नाई. ह्या कडेकडेनं पट्टी लावत जातात अन् उरली की कापतात. म्हनून लहर. माप मधातून घ्या लागते."

"मग मधून का घेत नाहीत?"

वहिनी हसायला लागली. "मधातून माप घ्याचं म्हनजे गोधडी भुईवर अंथरा लागते, तिच्यावर गुडघे टेका लागतात. आपल्या टाक्याइवर त्या गुडघा टेकतीन का व?"

मी त्यानंतर पुष्कळ पत्रकं लिहिली. पिवळ्या कागदावर, लाल शाईत, चौकात उभं राहून वाटली. पण शिवाशिवीविरुद्ध यापेक्षा नेमका मुद्दा मला अजून सापडलेला नाही. बाई तीस वर्षं वाकडा गोट लावत होती, कारण सरळ लावायचा तर आमच्या कामाला गुडघा टेकावा लागत होता.

परीक्षेच्या दिवशी बाहेरगावच्या परीक्षक बाई एसटीनं आल्या. जाड भिंगांचा चष्मा, हातात छत्री. अंगणात दोरीवर बारा गोधड्या टांगलेल्या, बाराही लाल गोटाच्या. माईसाहेबांनी आदल्या दिवशी सगळ्या नेऊन गोट स्वतः लावून ठेवलेले. परीक्षक बाई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि तशाच परत आल्या.

"बारा जणींनी शिवल्या आणि बाराही एकाच जागी फुगल्या?"

माईसाहेब म्हणाल्या, "लहर हाये ते."

"लहर नाही, चूक आहे. आणि एकाच हाताची आहे. हे गोट उसवा. ज्या बाईनं आज माझ्यासमोर स्वतःचा गोट लावला तिलाच प्रमाणपत्र. बाकी घरी."

बारा जणींपैकी कुणालाच गोट शिकवलेला नव्हता. माईसाहेब मात्र ढळल्या नाहीत. "जेवन थंडं होऊन राह्यलं बाई. आधी दोन घास खाऊन घ्या," म्हणत त्यांनी पाहुणीला आत नेलं. पाहुणी उपाशी होती. जाताना म्हणाली, "मी येईपर्यंत उसवून, माप घेऊन, कच्चे टाके घालून ठेवा."

आत पुरणाचा वास सुटला. बाहेर ओसरीवरच्या चौघी रडकुंडीला आल्या. वहिनीनं दोरीवरची आपली गोधडी ओढली, भुईवर अंथरली, सुतळी घेतली आणि गोधडीच्या मधावर गुडघे टेकून बसली.

"या व साऱ्या जनी. आधी उसवा. सुतळी मधातून धरा, वरून खालपर्यंत. काठाले हात लावू नका, काठ लबाड हाये. तेवढ्याच दोन पट्ट्या कापा. आता पट्टी दुमडा अन् मधात चिमटी घ्या. गोधडीच्या कडेलेही मधात चिमटी. चिमटीले चिमटी लावा, मंग दोन टोकं लावा. त्याच्यानंतर मधला कपडा पोटात घेत घेत टाचा. ओढू नका! कोन ओढून राह्यलं ते?"

"मी," ओसरीवरची कुणब्याची सून म्हणाली. ती कधी खाली उतरली ते मी पाहिलंच नव्हतं. आमच्या वस्तीतल्या बाईच्या गोधडीवर ती गुडघे टेकून बसली होती.

"ओढू नको माय. थो काय बैल हाये?" वहिनीनं तिचा हात धरून सैल केला. "दोन लांब बाजू झाल्या का आडव्या बाजूचं माप पुन्हा घ्याचं. लावलेल्या पट्ट्याइसकट. जुनं माप चालत नाई."

माईसाहेब वाढता वाढता खिडकीशी आल्या. "पंचफुले! तू कोन व शिकवनारी?"

वहिनीनं मानही वर केली नाही. "शिकवून नाई राह्यली माईसाहेब. माप सांगून राह्यली."

परीक्षक बाई जेवून आल्या, खुर्ची टाकून बसल्या आणि आमच्या सुयांकडे बघत राहिल्या. दुपार कलेपर्यंत नऊ जणी पास झाल्या, तीन नापास. त्या तिघींत मी एक. माझा कोपरा उघडा राहिला होता. पत्रकं लिहिणाऱ्या हाताला सुई जड जाते, हे मी लपवत नाही.

मग परीक्षक बाईंनी माईसाहेबांना सांगितलं, "तुम्ही शिक्षिका. सगळ्यांत चांगला गोट तुम्हीच निवडा." माईसाहेब दोरीपाशी गेल्या. वहिनीच्या गोधडीपाशी थांबल्या. त्या गोटावर लाट नव्हती, सुरकुती नव्हती. त्यांचा हात सवयीनं काठाला गेला, काठ उचलला, ओठाकडे निघाला. आणि हनुवटीपाशी थांबला.

सगळं अंगण बघत होतं. परीक्षक बाई चष्म्यावरून बघत होत्या. माईसाहेबांनी काठ बोटांत चोळला, सोडला, बोटं पदराला पुसली आणि म्हणाल्या, "बरा हाये. शेवटी शिकोलं कोनी?"

अहवालात काय लिहिलं गेलं माहीत आहे? 'शिक्षिकेचे मार्गदर्शन उत्तम.' प्रमाणपत्रावर सहीही माईसाहेबांचीच. मी वाटेत संतापानं बोंबलत आले. हा कागद फाडून त्यांच्या तोंडावर फेक, म्हणाले. वहिनीनं तो कागद लुगड्याच्या घडीत नीट ठेवला. "त्याइची सही हाये म्हनून माहा टाका वाकडा होते का? तू मले एसटीचा टाइम पाहून दे."

ती लेकीला घेऊन रिसोडला गेली. त्या उन्हाळ्यात माईसाहेबांकडून तीनदा निरोप आला, गोधड्या पडून आहेत म्हणून. वहिनी आली नाही. माईसाहेब गावात सांगत फिरल्या, "मीच शिकवली, अन् उडाली." शिकवली हा शब्द एवढा स्वस्त मी दुसऱ्या कुणाच्या तोंडी ऐकला नाही.

आता त्यांच्या मुलानं चहा पिता पिता जे सांगितलं ते लिहिते. स्मरणिकेत हे जरूर घ्या, असा त्याचा आग्रह होता. माईसाहेब शेवटचे महिने अंथरुणालाच होत्या. घरच्या जुन्या गोधड्यांचे फुगलेले गोट गळ्याशी गोळा व्हायचे, टोचायचे. म्हणून यानं रिसोडच्या बाजारातून एक नवी गोधडी आणली. माईसाहेबांनी पडल्या पडल्या तिचा काठ ओठावर घासला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हा पाह्य गोट. घरच्या हातचा हाये. कळते मले." त्यानंतर दुसरी गोधडी त्यांनी अंगावर घेऊ दिली नाही.

"शेवटपर्यंत पारख होती माईला," मुलगा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"कुणाकडून घेतली?" मी विचारलं.

"तिथं बायांचं शिवणकेंद्र आहे ना, त्यांच्या दुकानातून."

"चारी कोपऱ्यांत तीन-तीन जादा टाके आहेत का?"

"आहेत. कितीदा धुतली तरी काठ फुगला नाही. पण तुम्हाला कसं माहीत?"

मला माहीत होतं, कारण परीक्षेत माझा कोपरा उघडला तेव्हापासून वहिनी प्रत्येक कोपऱ्याला तीन टाके जास्त घालते. पण मी त्याला काही सांगितलं नाही. म्हटलं, छापूनच सांगावं. स्मरणिकेत हे येणार नाही, म्हणून इथं, माझ्याच पत्रकात, छापते आहे. पारख होती, हे त्यानं खुशाल लिहावं. ओठाला होती. बाकी बाईला नव्हती.

दुसऱ्या दिवशी एसटी पकडून मी रिसोडला गेले. वर्ग चालू होता. नव्या बायका आलेल्या, पहिलाच दिवस. वहिनी पहिल्याच दिवशी गोट शिकवते, बाकीचं नंतर. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल, निदान माईसाहेबांना एखादी शिवी तरी घालेल. तिनं सुईत दोरा ओवला आणि विचारलं, "धुतल्यावर लहर आली होती का त्याले?"

"नाही म्हणे."

"मंग झालं," वहिनी म्हणाली, आणि अंथरलेल्या गोधडीच्या कडेला अंग चोरून उभ्या असलेल्या एका नव्या पोरीवर खेकसली, "ए बाई, टेक ना गुडघा! गोधडी हाये थे, देव नाई."