डाव्या टाचेचा भार

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं नंतर. आई सांगायची, सुईण आधी घाबरली होती, पण मी रडल्यावर तीच म्हणाली, आता गल्लीला उसणीची काळजी नको. आमच्याकडे असं मानतात की पाठीत उसण भरली तर पायाळू माणसाच्या डाव्या पायाची टाच लावून घ्यावी, दुखणं उतरतं. पायाळू माणसावर वीज पडते असंही मानतात, त्यामुळे आभाळ भरून आलं की आई मला ओट्यावरसुद्धा उभी राहू द्यायची नाही. लोकांची दुखणी मी उतरवायची आणि वीज मात्र माझ्यावर, हा कुठला न्याय, असं मला तेव्हा फार वाटायचं.

लग्न होऊन नगर जिल्ह्यातल्या बेलापूरला आले. घराच्या पुढच्या खोलीत आमची पिठाची गिरणी आहे, ती गेली पंचवीस वर्षं मीच चालवते. दळणाचे डबे उचलताना कुणाच्या ना कुणाच्या पाठीत चमक भरायचीच, आणि गिरणीवाली पायाळू आहे म्हटल्यावर लोक दळण आणि दुखणं एकदमच घेऊन यायचे. रीत ठरलेली. माणसानं उंबऱ्याकडे डोकं करून पालथं झोपायचं, मी भिंतीला धरून डावी टाच तीन वेळा दुखऱ्या जागी टेकवायची, मग त्यानं उठून मागे न बघता, न बोलता निघून जायचं. गुण यायचा का? यायचा म्हणे. परत कुणी तक्रार घेऊन आलं नाही. पण मागे न बघता जायचं म्हटल्यावर तक्रार करणार तरी कधी, हे मला तेव्हा सुचलं नाही.

माझा धाकटा भाऊ सुप्याला एका कारखान्यात मशीनवर उभा असतो. खोली घेऊन तिथंच राहतो, तो आणि माझी भावजय. मागच्या वर्षी एका रविवारी तो एकटाच माझ्याकडे आला, तोही एका अंगावर वाकडा होऊन. आठवडाभर पेट्या उचलून कंबर धरली होती. चहाही न घेता तो गिरणीत उंबऱ्याशी पालथा पडला आणि म्हणाला, "आक्का, पाय लाव. तुझ्या पायाशिवाय हे जायचं न्हाई."

लहानपणी झाडावरून पडला तरी हा आधी माझ्याकडे यायचा, मग आईकडे. मी टाच टेकवली. एकदा, दोनदा. तो म्हणाला, "नुसती टेकवू नकू. जोरात दे आक्का, लई चमकतंय." आणि मी दिला. तिसऱ्या वेळी भिंतीवरचा हात सोडला आणि त्या एका टाचेवर सगळा भार टाकला. माझा भार म्हणजे काही फुलाचा नव्हे, गिरणीवाली बाई मी.

तो ओरडला नाही. नुसता श्वास आत ओढला आणि तसाच पडून राहिला. रीतीप्रमाणे उठून निघून जायचं, तर त्याला उठताच येईना. मी आणि माझ्या मालकांनी धरून उभा केला तेव्हा कमरेतून कळ निघून डाव्या पायाच्या बोटांपर्यंत गेली आणि चप्पल घालताना त्याच्या लक्षात आलं की अंगठा वर उचलतच नाही. पावलाच्या वरच्या बाजूला हात लावला तर म्हणाला, तिथं दुसऱ्याचं कातडं असल्यासारखं वाटतंय. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "कुनाला सांगायचं न्हाई. पेटी उचलताना झालं म्हनून सांगू."

मी हो म्हणाले. ही माझी दुसरी चूक.

सोमवारी भाच्याची गाडी करून त्याला नगरला नेलं. मनमाड रस्त्यावरचा एकेक खड्डा त्याच्या तोंडावर दिसत होता. मशीनमध्ये घालून फोटो काढला. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी मागे सरकून पायाच्या शिरेवर टेकली आहे. अंगठ्यातला जोर कमी झालाय, पण गेलेला नाही. सहा आठवडे ऑपरेशनशिवाय बघता येईल, मात्र त्यात जोर आणखी कमी झाला किंवा लघवी-संडासावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी यायचं, मग टाळता येणार नाही. भावजय सुप्याहून परस्पर दवाखान्यात आली होती. ती पदर तोंडात धरून ऐकत राहिली. पायात जोर नसला तर आठ तास मशीनवर उभं कोण ठेवणार, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या डॉक्टरांनीच आम्हाला नगरमधल्या एका मॅडमकडे पाठवलं. मणक्यावर नुसत्या हातांनी उपचार करतात, कायरोप्रॅक्टर म्हणतात, असं सांगितलं. भावानं तसले व्हिडिओ मोबाईलवर पाहिले होते, मान धरून कट्‌ करून वाजवतात ते, त्यामुळे तो आधीच घामानं डबडबला. मॅडम निघाली तिशीतली, बारीक मनगटांची. मला वाटलं, हिच्या हातानं भाकरी तरी थापली जाईल का.

तिनं हात लावला नाही. आधी विचारत बसली. कुठे दुखतं, खोकलं तर पायात कळ जाते का, लघवी नीट होते का. मग म्हणाली, "नेमकं काय करताना झालं?"

"पेटी उचलताना," भाऊ म्हणाला.

"लगेच अंगठा गेला?"

"व्हय."

"पेटी कुठे होती, जमिनीवर की टेबलावर?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. खोटं बोलायला त्याला कधीच जमलं नाही, शाळेतसुद्धा पकडला जायचा तो. मॅडम वाट बघत होती. समोर तो उपचाराचा लांब पलंग होता, तोंडासाठी भोक ठेवलेला, आणि माझ्या मनात आलं, आता हा तिथं पालथा पडेल, ही पोर त्याच्या पाठीवर हात ठेवेल आणि तिला माहीतच नसेल की त्या पाठीवर आधी कोण उभं राहिलं होतं.

"मी पाय दिला," मी म्हणाले. "पेटीनं आधी कंबर धरली हुती. पण अंगठा माझ्या पायानं गेला. मी पायाळू हाय. तिसऱ्या वेळी सगळं अंग टाकलं."

भावजयीनं माझ्याकडे वळून बघितलं. ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मॅडमनं मला झापलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं विचारलं, "कुठली टाच? नेमकी कुठे?" मी भावाच्या सदऱ्यावर बोट ठेवून जागा दाखवली. तिनं मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, मशीनचे फोटो पुन्हा उजेडावर धरले आणि आम्हाला आणखी एक एक्स-रे काढून आणायला पाठवलं. म्हणाली, "वरून एवढा भार पडलाय तर मणका कुठे चिरला नाही ना, हे बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही. बरं झालं सांगितलंत." मणका शाबूत निघाला. मी तिला विचारलं, माझ्यामुळेच झालं ना हे. ती म्हणाली, "ते मला सांगता येणार नाही. गादी आधीच फाटत आली असेल, शिंक आली असती तरी सरकली असती. आणि नसती सरकली, असंही असेल." खोटा दिलासा दिला नाही तिनं. त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

कट्‌ वगैरे काही वाजवलं नाही. भावानं बिचकत विचारलंच, तर म्हणाली, आवाज काढायची पाठ नाही ही. तिच्या पलंगाचा कमरेखालचा भाग हळूच खाली झुकायचा, वर यायचा, आणि ती एक तळवा त्याच्या पाठीवर ठेवून उभी असायची. बघताना वाटायचं, काही करतेच आहे कुठं. मग तिनं समजावलं, दोन मणक्यांच्या मधे थोडी जागा करून द्यायची, म्हणजे शिरेवरचा दाब उतरतो. हे मला पटलं. गिरणीचे दगड फार जवळ आले की पीठ जळतं, तिथं हातोडा मारून चालत नाही, स्क्रू हळूहळू फिरवावा लागतो. पंचवीस वर्षं दगडांच्या बाबतीत मला कळत होतं आणि भावाच्या पाठीच्या बाबतीत कळलं नाही.

आठवड्यातून दोनदा नगर, घरी रोजचे व्यायाम, थोडं थोडं चालणं. सुप्याच्या खोलीला वर चढायचे जिने, म्हणून तो माझ्याकडेच राहिला आणि त्याच्यासाठी भावजयही. मॅडमनं आणखी एक काम नेमून दिलं. रोज सकाळी त्यानं पाठीवर झोपायचं, अंगठा वर ओढायचा, आणि कुणीतरी एका बोटानं तो खाली दाबून बघायचा. जोर कालच्यापेक्षा कमी वाटला तर त्याच तासाला फोन. भावजयीनं नजर फिरवली. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही करा."

भावजय माझ्याशी बोलायची बंद झाली होती. भांडली नाही, कामं सगळी करायची. पण माझ्यासमोर उभी राहून भावाला म्हणायची, "तुमच्या आक्कांना सांगा, भाकरी झाल्यात." मी पण कमी नाही, तोंडाची फटकळ म्हणून गावात माझी ख्याती आहे. पण तिच्यापुढे माझं तोंड उघडलं नाही.

रोज सकाळी गिरणी सुरू करायच्या आधी मी त्याच्या पायाशी बसायची. पाऊल मांडीवर घ्यायची. पहिले आठ दिवस बोट टेकवलं की अंगठा मुकाट खाली जायचा. तो माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मी काही झालंच नाही असं तोंड करायची. तिसऱ्या आठवड्यात पायातली कळ गुडघ्याच्या वर सरकली, तो रात्री झोपायला लागला, मॅडम खूश झाली. पण अंगठा होता तिथंच. कळ गेली आणि पाय आला नाही तर काय, हे आम्ही तिघंही बोलत नव्हतो. एवढी माणसं माझ्या पायाच्या गुणाच्या गोष्टी सांगत फिरली. मला मात्र त्या दिवसांत माझा डावा पाय धुवायलासुद्धा नको वाटायचं.

त्यात एकदा शेजारच्या गल्लीतली बाई कंबर धरून आली, नेहमीसारखी उंबऱ्याशी आडवी व्हायला निघाली. मी म्हटलं, उठा, मी पाय देत नाही आता, डॉक्टरला दाखवा. ती म्हणाली, "एवढी शिष्ट कवापासून झालीस गं?" मी तिचं दळण तिच्या हातात न देता सायकलवर बांधून दिलं. मागे चुलीपाशी भावजय होती. तिनं ऐकलं असेल, नसेल.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी बोट टेकवलं आणि अंगठा खाली गेला नाही. किंवा मला तसं वाटलं. मी बोट काढलं, हात पदराला पुसला, पुन्हा टेकवलं. माझा स्वतःवर विश्वास बसेना. एखादी गोष्ट इतकी हवी असली की माणसाला ती नसतानाही हाताला लागते.

"आक्का, जोरात दाब की," भाऊ म्हणाला.

माझा हात तिथंच थांबला. त्यालाही कळलं आपण काय बोललो ते, त्याचा चेहरा उतरला. मी दाबलं नाही. मी भावजयीला हाक मारली. म्हटलं, मला कळत नाही, तू बघ.

ती पिठाचे हात तसेच घेऊन आली. माझ्या शेजारी खाली बसली, बोट टेकवलं, दाबलं. मग आणखी दाबलं. तिच्या बोटाचं टोक पांढरं पडलं. अंगठ्यावर पिठाचा ठसा उठला आणि अंगठा उभाच होता.

"वन्सं," ती माझ्याकडे वळून म्हणाली, महिन्याभरात पहिल्यांदा, "तुमी दाबा. माझ्याच्यानं खाली जाईना."

मी दाबलं नाही. धाकट्या भावाच्या पायावर डोकं टेकवायची आमच्यात रीत नाही, उलट तोच दर दिवाळीला माझ्या पाया पडतो. मी त्याचं पाऊल दोन्ही हातांत धरलं आणि त्यावर कपाळ टेकवलं. तो पाय ओढून घ्यायला लागला, म्हणाला, "आक्का, सोड, बरं दिसत न्हाई." मी सोडलं नाही. भावजय माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होती आणि बाहेर गिरणीपाशी कुणीतरी दळणाचा डबा ठेवून हाका मारत होतं.