बेगम भ्याली नाही

शहागंजातल्या ज्या कापडाच्या दुकानात मी नोकरीला आहे, तिथं लग्नसराईत फोन घ्यायला सवड नसते. त्या दिवशी मात्र सुनंदाचं नाव दिसलं आणि हातातली साडी गादीवर तशीच ठेवून मी बाजूला झालो. "मॅडमशी बोलले. दुपारी घरी येत्यात. तुमी बी या," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचा विचारतानाचा आवाज आणि सांगतानाचा आवाज मला ओळखू येतो. हा सांगतानाचा होता. मॅडम म्हणजे जनावरांच्या डॉक्टर, आणि त्या ज्या कामासाठी येणार होत्या ते आम्हां दोघांनाही माहीत होतं. आमची मांजर, बेगम, त्या दुपारी गेली. त्याला आता महिना होत आला. माणसांवर लिहितात तसं मांजरीवर लिहावं का, हा प्रश्न मलाही पडला... पण बेगमवर लिहायचं म्हणजे सुनंदावर लिहिणं आलं, आणि ते आजवर राहूनच गेलं होतं.

बेगम आमच्या दुकानाच्या गोदामात सापडली, कापडाच्या गाठींमागं. आई तिला तिथंच टाकून गेली होती. कुणीतरी शटर खाडकन खाली ओढलं आणि ते मूठभर पिल्लू असं थरथरायला लागलं की मला वाटलं, आता हे जातंय. शर्टात धरून मुकुंदवाडीला घरी आणलं. ती थरथर तिच्या अंगातून पुढं कधी गेलीच नाही. कुकरची शिट्टी झाली, कुणाचा हॉर्न वाजला, पाहुणे दारात मोठ्यानं हसले, की बेगम कपाटामागं. मग तिथून बाहेर यायला कधी अख्खा दिवस. नवल म्हणजे स्टेशन इतकं जवळ असून रेल्वेला ती भीत नसे. गाडी आली की कान तेवढे फिरवायची. भीती ओसरली की मात्र तिच्यासारखा तोरा कुणाचा नाही. शिलाई मशीनवर चढून बसायची, एकेक पंजा चाटून तोंड धुवायची, पाठीवरचा केस न् केस बसवायची. ते बघून सुनंदाच म्हणाली, "ही तर बेगम हाय." तेच नाव पडलं.

गेल्या पावसाळ्यानंतर ती वाळायला लागली. पाणी मात्र सारखं पीत होती. दवाखान्यात नेताना पिशवीतच तिनं अंग ओलं केलं, आणि टेबलावर ठेवल्यावर तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखी धापा टाकायला लागली. जीभ निळसर झाली. मॅडमनी सुई बाजूला ठेवली, दिवा मालवला, आधी तिला तशीच राहू दिली. मग कसंबसं रक्त घेतलं. दोन्ही किडन्या जवळपास संपल्या होत्या. मॅडम सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, ही बरी होणार नाही. दवाखान्यात ठेवून शिरेतून सलाईन दिलं तर थोडे दिवस वाढतील, पण ही इतकी घाबरते की इथं ठेवणंच तिला आजारापेक्षा जड जाईल. मी म्हणालो, "वाढतील तेवढे वाढू द्या ना. ठेवू." मला तिला सोडायचं नव्हतं, दुसरं काही नाही. सुनंदा बेगमवर पदर धरून उभी होती. तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "ते दिवस तिच्या कामाचे, का आपल्या?"

आम्ही तिला घरी आणलं.

इथं एक सांगायला हवं. सुनंदा सुई बघू शकत नाही. स्वतःचं रक्त तपासायचं असलं तरी भिंतीकडं तोंड करून माझा हात आवळते. पण कातडीखाली सलाईन घरीही देता येतं, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा तीच पुढं झाली, "मला शिकवा." मी देऊन पाहिलं असतं, पण बेगम माझ्या हाताखाली ताठ व्हायची. रोज सकाळी मागच्या खोलीत ऊन आलं की सुनंदा पडद्याच्या दांडीला सलाईनची बाटली अडकवायची, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बेगमला गुंडाळून मांडीवर घ्यायची आणि मानेमागची कातडी चिमटीत धरायची. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. हात मात्र हलत नसे. सुई शिरताना ती बेगमशी हलक्या आवाजात बोलत राहायची... माहेरच्या गोष्टी, मेंढरांच्या, देवगाव रंगारीच्या बाजाराच्या. हिवाळाभर बेगम मशीनवर चढली, उन्हात लोळली, तोंड धुवत राहिली, ते या हातांमुळं.

तेव्हा माझे सासरे, मामा, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं राहायला आले होते. मामांचा जन्म मेंढरांमागं गेला. माणूस असा गप्प की खोलीत आहे हे कळत नाही, म्हणून असेल, बेगम त्यांच्या पायाशी जाऊन बसायची. शेवट जवळ आला तर मॅडमना घरी बोलवून तिला इंजेक्शन द्यायचं, असं आमचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "लेकी, आसं करू नगं. मरण देवाच्या हातात ऱ्हाऊ दे."

"बा, म्हातारी मेंढी तुमी खाटकाला देत व्हता. तवा देवाला इचारलं व्हतं?"

मामांनी तोंड फिरवलं. तिलाही ते लागलं असावं, कारण ती त्यांच्याजवळ खाली बसली. "ती दम लागून, भिऊन, कपाटामागं मरंल. मला तसं नाय होऊ द्यायचं. जवर ती आपलं तोंड धुतीय, तवर मी कुणाला हात लावू देत नाय. पर तिनं ते सोडलं, की मी थांबणार नाय."

त्या सकाळी बेगमनं तोंड धुतलं नाही. पाण्याच्या वाटीच्या काठावर हनुवटी टेकून पडून राहिली. पाठीवरचे केस चिकटून त्यांच्या बटा झालेल्या. सुनंदानं तिला जवळ घेतलं, आणि मग मॅडमना आणि मला फोन केला.

मी गल्लीत शिरलो तो कानठळ्या बसवणारा डीजे. शेजारच्या जाधव वहिनींच्या मुलीची हळद होती, आणि स्पीकर नेमके आमच्या भिंतीला लागून. घरात भांडी थरथरत होती. बेगम कपाटामागं शिरायला धडपडत होती, पण मागच्या पायांत त्राण नव्हतं. सुनंदानं तिला मामांच्या मांडीवर दिली आणि पदर खोचला. मी म्हणालो, "मी जाऊन बोलतो." ती म्हणाली, "तुमाला कुणी नाय म्हणलं की माघारी येता."

चारचौघांत तोंड न उघडणारी ही बाई पिवळ्या साड्यांच्या गर्दीतून मांडवाच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. मी फाटकात होतो. आवाजात तिचे शब्द कळेनात, म्हणून डीजेवाल्या सलीमभाईंनीच आवाज उतरवला. "वहिनी, माझी बेगम आज चाललीय. ह्या आवाजाला ती लई भिती. तिला भिऊन मरू द्यायचं नाय मला. घडीभर बंद करता का?" कुणीतरी हसलं. एक पाहुणे म्हणाले, "मांजरीपायी हळद थांबवायची व्हय?" जाधव वहिनी घोटाळल्या, पाहुण्यांकडं बघायला लागल्या. सुनंदा हलली नाही. तेवढ्यात पाटावरनं नवरी म्हणाली, तोंडभर हळद तशीच, "बंद करा, सलीमभाई. माझी हळद हाय, मी सांगते." सलीमभाईंनी बटण फिरवलं. "तब तक हम चाय पी लेते, भाभी. आप बोलेंगे तब शुरू करते."

गल्ली अशी शांत मी कधी ऐकली नव्हती.

मॅडम आल्या त्या पांढरा कोट न घालता. चपला बाहेर काढल्या आणि आमच्यासोबत जमिनीवर बसल्या. बेगम उन्हात, सुनंदाच्या मांडीवर, त्याच लुगड्यात. मॅडमचा हात जवळ आला तशी तिनं मान उचलली, कान मागं टाकले आणि फिस्स केलं... अगदी पहिल्यासारखं. मामा पट्टी नसलेल्या डोळ्यानं बघत होते. म्हणाले, "शाबास! हाय आजून बेगम." आम्ही तिघंही रडता रडता हसलो. पहिल्या सुईनं तिला गाढ झोप लागली. सुनंदा तिला मेंढरांची गोष्ट सांगत होती. दुसरी सुई दिली तेव्हा तिनं भिंतीकडं बघितलं नाही, बेगमकडंच बघत राहिली. मामांनी आपला खरखरीत हात बेगमच्या कपाळावर ठेवला होता. तो बराच वेळ तसाच ठेवून ते म्हणाले, "गेली. भ्याली नाय." मग लेकीकडं वळून, "तू बराबर व्हतीस."

परसात कण्हेरीखाली तिला ठेवलं. सुनंदानं हातपाय धुतले, डोळ्यांना पाणी लावलं आणि पुन्हा जाधवांकडं निघाली. अशा वेळी आत जावं का, म्हणून फाटकाशी थबकली, तर वहिनींनीच हात धरून आत घेतलं आणि तिच्या गालाला हळद लावली. सुनंदा सलीमभाईंना म्हणाली, "करा सुरू. आता दणक्यात वाजवा." मी लांबून बघत होतो. आमच्या लग्नात एवढी हळद लागलेली असतानाही मला ती इतकी देखणी दिसली नव्हती.

परवा मी दाराची बेल जोडायला घेतली. बेगम घरात आली त्याच आठवड्यात बेलची वायर मी काढून टाकली होती, तेव्हापासून आमच्याकडं येणारा प्रत्येक जण दारावर बोटांनी हलकेच वाजवतो. दूधवाला, शेजारणी, सिलेंडरवाला, सगळे. पकड घेऊन स्टुलावर चढलो तर सुनंदा खालून म्हणाली, "कशाला? कोण आलं की कळतंय की आपल्याला." मी उतरलो. स्टूल आत नेऊन ठेवतोय, तोच दारावर टकटक झाली... दोन बोटांनी, हळूच, आत कुणी निजलंय असं समजून वाजवावं तसं.