रुमालात गुंडाळलेली कामटी

दीपू गेला हे मला सासरी पहूरला कळलं, बाळाला आंघोळ घालत होते तेव्हा. रावेरहून आबांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला. "पोरी, दीपूचं विमान कापसात पडलं..." एवढंच बोलले. माझा धाकटा भाऊ धुळ्याकडे विमान चालवायला शिकत होता, त्या दिवशी एकटाच उडाला आणि वरच पेट्रोल संपलं.

महिना झाला, बठ्ठे, सगळेच, म्हणतात पोराने पेट्रोल बघितलंच नाही. मला नाही पटत. आमच्या केळीच्या मळ्यातल्या डिझेल इंजिनाचा काटा कधी खरं बोललाच नाही, म्हणून आबा टाकीत बांबूची कामटी बुडवून किती ओली झाली ते बघायचे. दीपूला तीच सवय. लग्नानंतर मालक मला न्यायला आले, तर याने त्यांच्या मोटरसायकलचं झाकण उघडून कामटी घातली, वर म्हणे, "दाजी, एवढ्यात पहूर येत नाही, अक्काला ढकलायला लावाल!" असा पोरगा विमानात न बघता बसेल? विमानासाठी तर त्याने वेगळी कामटी केली होती, टाकी भरताना मोजून मोजून खाचा पाडलेली.

पण आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता, आणि मागून शिकवणारे सर बोलले ते मी ऐकलं, "ठेव ती काडी! हे विमान आहे, तुझ्या बापाचं इंजिन नाही. काटा दाखवतो ना!" पोरं हसली. दीपू हळूच म्हणे, "अक्का, काटा मला खोटा वाटू राहिला." आणि मी, आठवीतून शाळा सुटलेली, मी काय शहाणपण शिकवलं... "सरांना उलटं बोलू नको, ते म्हणतात तसं कर."

परवा दीपू शिकायचा तिकडून दोन माणसं रावेरला आली, मीही आबांजवळच होते, इंग्रजी कागदावर आबांची सही पाहिजे म्हणे. "काय लिहिलंय भाऊ?" मी विचारलं, तर एक मोबाईलमध्ये बघायला लागला, दुसरा म्हणे, "नेहमीचंच असतं ताई." नेहमीचं? माझा भाऊ काय नेहमी मरतो? आबांच्या हातातलं पेन मी काढून घेतलं. मालक म्हणतात, लेकरू कडेवर आहे, मोठ्यांच्या नादी लागू नको. भीती वाटतेच... पण त्या फोनवर मीच होते, दुसरं कोणी नव्हतं.

ती माणसं त्याची खोलीवरची बॅगही ठेवून गेली. मला वाटलं, कामटी यांनीच गायब केली असणार. सगळी बॅग उलटी केली. तळाशी होती, रुमालात नीट गुंडाळून ठेवलेली...

माझं ऐकलं होतं त्याने.