उजव्या कोपऱ्यातलं नाव

कुणाविषयी लिहावं असा माझा अधिकार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नाही. वडील धर्मापुरीच्या बाजूला मेंढरं राखतात, आणि मी आजवर लिहिलं ते परीक्षेच्या पेपरातच. तेव्हा कुठे अडखळलो, कुठे नको ते सांगून बसलो, तर वाचणाऱ्यांनी माफ करावं. अशी माफी मागताना मला जरा अवघडल्यासारखं होतं, कारण ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्या पेंटरचाचांनी आयुष्यात कुणालाही माफ केलं नाही. "माफ कराया काय," ते म्हणायचे, "मानूस मेल्यावर बी करता येतं. जिता हाय तवर लक्षात ठिवावं."

परळीला कॉलेजात असताना तीन वर्षं मी त्यांच्या घरातली मागची खोली भाड्याने घेऊन राहिलो. त्यांचं नाव महेबूब. एके काळी परळीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आल्यावर ते काम गेलं आणि ते घरं रंगवू लागले. पण जुन्या पाट्या अजून कुठे कुठे टिकून होत्या, आणि प्रत्येक पाटीच्या खाली उजव्या कोपऱ्यात बारीक, पण दुकानाच्या नावाहून देखण्या अक्षरांत 'महेबूब पेंटर, परळी' असं लिहिलेलं असायचं.

चाचा भांडत नसत. आवाजही चढवत नसत. कुणी अपमान केला की मान खाली घालून त्याची पाटी रंगवून देत. फक्त एखाद्या शब्दाखाली रंग धरून ठेवणारा प्रायमर लावत नसत, आणि त्या शब्दाच्या रंगात टर्पेंटाइन जास्त घालत. पाटी दिली त्या दिवशी सगळं झळझळीत दिसे. एका मिठाईवाल्याने त्यांना गिऱ्हाइकांसमोर चोर म्हटलं होतं. त्याच्या पाटीवर होतं 'शुद्ध तुपातील मिठाई'. दोन उन्हाळे गेले आणि नुसती 'तुपातील मिठाई' उरली. एका वकिलाने त्यांना दारातून हाकललं होतं. त्याच्या पाटीवरचा 'व' उडाला आणि तो गावात कील साहेब झाला. शुक्रवारी नमाजानंतर चाचा मला घेऊन या पाट्यांवरून चक्कर मारत. शेतकरी पीक बघायला जातो तसे जात. "राखेनं लई मदत केली," थर्मल वीज केंद्राच्या धुराड्यांकडे बघून म्हणत, "न्हाईतर अजून वरीसभर लागलं असतं."

मला हे सगळं आवडायचं. आवडू नये असं कॉलेजात शिकवतात, पण आवडायचं.

दुसरी सवय म्हणजे ते कुणालाही अर्ध्या नावाने हाक मारत नसत. वर्गातली मुलं मला 'मारत्या' म्हणायची. चाचांनी पहिल्या दिवशी नाव विचारलं आणि तेव्हापासून 'मारोती' म्हणूनच बोलावलं. हमाल असो, भाजीवाली असो, पूर्ण नाव. "नाव म्हंजे मानसाची पाटी हाय," ते म्हणायचे. "ती कुनी पुसली तर दुकान कुनाचं हाय ते कळावं कसं?"

त्यांचं नाव पुसणारा माणूस मोंढ्यात, बाजारपेठेत, बसायचा. रंग आणि हार्डवेअरचं मोठं दुकान होतं. सगळे त्याला शेठच म्हणायचे. तरुण असताना चाचा त्याच्याकडे रंग कालवायला रिकामे डबे मागायला गेले होते, तर तो म्हणाला, "ये, डबड्या." तेव्हापासून तीस वर्षं चाचा त्याच्यासाठी डबडे होते. ए डबड्या, माल आला. डबड्या, बाजूला हो, गिऱ्हाईक येऊ दे. गंमत अशी की शेठच्या दुकानाची पाटी चाचांनीच लिहिलेली, आणि त्या एकाच पाटीला त्यांनी कधी धोका दिला नव्हता. मी कारण विचारलं तर म्हणाले, "ती माजी सगळ्यात चांगली अक्षरं हायेत. अन् तिथं माजं नाव हाय. रोज त्याच्या डोक्यावर."

शेठशी माझंही वैर होतं. एकदा वडील मेंढरांवर खूण करायचा लाल रंग घ्यायला परळीत आले. मी त्यांना शेठच्या दुकानात घेऊन गेलो. पायरी चढतो न चढतो तोच शेठ गल्ल्यावरून म्हणाला, "मेंढक्या, तिथंच थांब. वास येतोय. पोराला पाठव आत." वडील हसले आणि खाली उतरले. मी कॉलेजचा इस्त्रीचा शर्ट घालून आत गेलो आणि रंग घेऊन आलो. चाचा तिथेच माल बघत होते. घरी जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "लक्षात राहील न्हवं?"

"राहील," मी म्हणालो.

मी शेवटच्या वर्षाला असताना रंगाच्या कंपनीने एक सहल जाहीर केली. जास्त माल खपवणारे दुकानदार, आणि प्रत्येक दुकानदाराबरोबर त्याच्याकडचा एक पेंटर, अशा सगळ्यांना मुंबईहून गोव्यापर्यंत मोठ्या प्रवासी जहाजाने नेऊन आणायचं, सोबत घरचं एक माणूस. शेठ आणि चाचा दोघांचीही नावं निघाली; पेंटर कंपनीनेच डब्यांतल्या कुपनांवरून निवडले होते. शेठाणींचे गुडघे दुखत होते म्हणून शेठ एकटाच निघाला. चाची म्हणाल्या, "मला घागरीतलं पानी डचमळलं तरी चक्कर येती. मारोतीला न्या, त्याला विंग्रजी येतं." मला विंग्रजी येत नव्हतं, पण मी पिशवी भरायला घेतली.

चाचांनी गल्लीत सांगितलं, जहाजाने जातो. आमच्याकडे जहाज म्हटलं की लोकांना हवाई जहाज वाटतं. न्हाव्याने विचारलं, "चाचा, वरून परळी दिसती का?" चाचा म्हणाले, "दिसली तर तुझं टक्कल आधी दिसंल."

मी समुद्रच पहिल्यांदा पाहिला, जहाज तर नंतर. आत लिफ्ट होती, दुकानं होती, सगळ्यात वर पोहायचा हौद होता. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावाची माणसं आम्ही, पाण्यावर पाणी ठेवलेलं बघून दोघेही बराच वेळ उभे राहिलो. लोक फोटो काढत होते. चाचा मात्र कठड्यावरून वाकून जहाजाच्या अंगावरचं नाव वाचत होते. "हातानं रंगवलंय बे," ते म्हणाले. मला त्यांनी 'बे' म्हटलेलं तेवढंच, आनंदात. मग खाऱ्या वाऱ्यात बोट फिरवून म्हणाले, "हितं दोन उन्हाळं थांबायची गरज न्हाई. हितं सा म्हैन्यांत अक्षर जातंय."

खोल्या चिठ्ठ्या टाकून दिल्या होत्या. आम्हाला गोल खिडकीची खोली आली. शेठला पोटातली, बिनखिडकीची, आणि सोबत लातूरकडचा एक घोरणारा दुकानदार. जहाज निघून तासभर झाला नाही तोच दारावर थाप पडली. शेठ घामाने भिजला होता.

"ए डबड्या, खोली बदल. मला गुदमरतंय."

चाचा दारात उभे राहिले. हसले नाहीत.

"देतो की शेठ. लगेच देतो. नावानं हाक मारा, अन् आत या."

"काय?"

"माज्या नावानं."

शेठ हसला. मग तोंड उघडंच राहिलं. मी खाटेवर बसून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि मला पहिल्यांदा कळलं की त्याला ते नाव माहीतच नाही.

"अरे ते... रहीम ना रे?"

"रहीम माजा मेव्हना."

"करीम."

"करीम तुमचा दूधवाला. तुमच्या दुकानाच्या पाटीवर लिव्हलंय, शेठ. खाली, उजव्या कोपऱ्यात."

"आपल्याच दुकानाची पाटी कोण वाचतं रे?" शेठ कळवळून म्हणाला.

"आठवा. आमी हितंच हाय." चाचांनी दार लावलं, कडी घातली, आणि खिडकीशी बसून चहा पिताना गालातल्या गालात हसत राहिले.

एरवी शेठने घरी फोन करून मुलाला पाटी वाचायला लावली असती. पण समुद्रात मोबाइलला रेंज नव्हती. कंपनीच्या माणसाला विचारावं, तर आपल्याच पेंटरचं नाव ठाऊक नाही हे कबूल करावं लागलं असतं. त्याने उघड्या डेकवर आरामखुर्ची धरली आणि टॉवेल पांघरून तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून चाचा दर तासाला त्याच्याकडे जात. हातात लिंबाचं सरबत. वाकून, अदबीने ग्लास पुढे करत.

"घ्या शेठ, मळमळ कमी होईल. आठवलं का?"

शेठ मान हलवी. चाचा परत येत. अशा तीन-चार चकरा झाल्यावर मला म्हणाले, "तीस वर्सांत येवढं गोड सरबत मी कुनाला पाजलं न्हाई." मी पोट धरून हसलो. वडील पायरी उतरले होते ते मला दर ग्लासाला आठवत होतं, आणि दर ग्लासाला बरं वाटत होतं.

दुपारी चाचा खोलीत पडले होते आणि मी कठड्याशी एकटा होतो. शेठ आला. चेहरा उतरला होता, दाढी वाढली होती. खरं सांगतो, मला दया आली. त्याने विचारलं असतं तर मी नाव सांगणारच होतो, जिभेवर आलं होतं.

"पोरा," तो म्हणाला, "तू त्या मेंढक्याचाच ना? सांग बाबा, याचं नाव काय?"

मी म्हणालो, "शमशुद्दीन."

हे नाव तोंडातून उगीच आलं नाही. शमशुद्दीन पेंटर हा चाचांचा जुना प्रतिस्पर्धी, कधीचा परभणीला निघून गेलेला. त्याची बुटकी अक्षरं बघून चाचांचं डोकं फिरायचं. मला वाटलं, शेठ हे नाव घेईल, चाचा त्याला आणखी झुलवतील, आणि आम्ही दोघे हसू. एवढंच मी योजलं होतं.

खोलीत आलो तर चाचा पिशवी भरत होते. टॉवेल, कंगवा, औषधाची गोळी. "बास झालं," म्हणाले. "मानूस मरंल तिकडं वाऱ्यात. आता काई बी नाव घिऊ दे, अर्धं घिऊ दे, खोली देऊन टाकतो. चल, तुजं बी उचल."

मी तोंड उघडणार तोच थाप पडली. शेठने तोंड धुतलं होतं, धुतलेला शर्ट घातला होता. त्याने दोन्ही हात जोडले आणि कधी नव्हे त्या मऊ आवाजात म्हणाला, "शमशुद्दीनभाई. चुकलं माझं."

चाचा त्याच्याकडे बघत राहिले. पिशवी हातात होती. मग त्यांनी दार लावून घेतलं, अगदी हळू, आवाज न करता. खिडकीपाशी जाऊन बसले.

"अर्धं बी न्हाई घेतलं," म्हणाले. "त्या बुटक्याचं घेतलं. हात जोडून घेतलं, मारोती. येवढी कुनी कुनाची चेष्टा करावी?"

मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी पिशवीतला टॉवेल काढून घडी करत राहिलो.

परत आल्यावर चाचांनी सगळ्या परळीला जहाज सांगितलं. हौद, लिफ्ट, सरबत, सगळं. दार सांगितलं नाही. आम्ही नव्हतो तेवढ्यात शेठच्या मुलाने दुकानाची जुनी पाटी उतरवून लाइटची पाटी बसवली होती. चाचांनी ती एकदा रस्त्यापलीकडून बघितली आणि त्या दुकानाची पायरी कायमची सोडली. पुढे एकदाच, मोंढ्यात, शेठने लांबून हाक मारली, "शमशुद्दीनभाई, या की, चहा घ्या." चाचांनी माझा दंड धरला आणि सरळ चालत राहिले. "बघितलंस? अजून सोडत न्हाई."

मला वाटतं, शेठ खरंच चहाला बोलवत होता.

पुढच्या शिक्षणासाठी मी संभाजीनगरला निघालो तेव्हा चाचांनी माझ्या पत्र्याच्या पेटीवर माझं नाव लिहून दिलं. वडिलांचंही, पूर्ण. दोनदा प्रायमर लावला. "हे जानार न्हाई," म्हणाले. पेटी वाळत होती तोवर आम्ही दोघे ओट्यावर बसलो होतो. सांगायला अख्खी दुपार होती. मी पेपरांविषयी बोललो, हॉस्टेलच्या जेवणाविषयी बोललो. मग बस आली.

गेल्या महिन्यात चाचींचा फोन आला. चाचा जाऊन बारा दिवस झाले होते. माझी परीक्षा चालू होती म्हणून त्यांनी मुद्दाम कळवलं नव्हतं. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, म्हणाल्या. मी लगेच निघतो म्हणालो, तर त्या म्हणाल्या, ये, पण आधी एक ऐक.

"शेठनं मोंढ्यात दुकानासमोर केवढा मोठा फ्लेक्स लावलाय. यांचा फोटो, जहाजावरचा. वर भावपूर्ण श्रद्धांजली. अन् खाली नाव शमशुद्दीन पेंटर. लोक घरी येऊन इचारत्यात, चाची, गेलं कोन? मी गेलते शेठकडं. बिचारा रडाया लागला. म्हनला, भाभी, तुमच्या पोरानंच मला जहाजावर हे नाव सांगितलं हुतं. आमाला कुठं पोरगा हाय रे? मग ध्यानात आलं, तुज्याबद्दल बोलतोय. मी बी सोडलं न्हाई त्याला. तोंडावर म्हनलं, शेठ, मेलेल्या मानसाबद्दल तरी खोटं बोलू नगा. आमचा मारोती कशाला असं सांगल?"