सुभेदारांची दोन कपाटं

बहात्तर साली भिंगारच्या वाचनालयात इतिहासाची दोनच कपाटं होती, एक युद्धाचं, दुसरं संस्कृतीचं. ती सांभाळायचे एक निवृत्त सुभेदार. ते प्रत्येक पुस्तक स्वतः वाचायचे आणि वाचता वाचता त्याचं कपाट बदलायचे. मी शाळेत नवी बाई, इतिहास शिकवणारी, त्यामुळे माझा तिथे रोज जीव जायचा. माझं लाडकं रोमचं जाडजूड पुस्तक सहा महिने संस्कृतीत होतं, एके दिवशी युद्धात सापडलं.

"बाई, जिंकत हुते तवर तिकडं ठेवलं," सुभेदार म्हणाले. "काल हरले."

मी चिडून विचारलं, "मग आपल्या नगरच्या निजामशाहीचं पुस्तक कुठंय?"

त्यांनी सावकाश चष्मा पुसला.

"ते माझ्या घरी हाय. दोन वर्सं झाली. कुठं लावावं, सुचंना."